चावडीवर वाचावे असे पत्र

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी निमगाव सावाच्या आमच्या घरी, ओसरीवर फराळाला बसलेली चारपाच मंडळी एका पत्रावरून हमरीतुमरीवर आली. पत्र आमच्यापैकी कुणाचेच नव्हते. माझे एक स्नेही मुलाकडे अमेरिकेत साल्ट लेक सिटीला सहा महिने राहून नुकतेच परतले होते आणि तिथल्या शेजारणीची हकीकत सांगत होते. त्या बाईंचा एकोणीस वर्षांचा मुलगा मॉर्मन पंथाचा प्रचारक म्हणून दूरच्या एका गरीब मुलखात गेला होता. दर आठवड्याला त्याचे पत्र येई आणि बाई ते आल्यागेल्याला वाचून दाखवीत. तो पंथ चहा-कॉफी वर्ज्य मानतो. त्यामुळे आमच्या स्नेह्यांनी बिचाऱ्यांनी नुसत्या सरबतावर भागवून ती पत्रे ऐकली.

पत्रात काय असे? पावसात भिजलेले सदरे, झिजलेले बूट, तोंडावर बंद झालेली दारे, आईच्या हातच्या जेवणाची आठवण. आणि मग हमखास एक वाक्य : इथले लोक फार गरीब आहेत, पण किती आनंदी आहेत! ते ऐकले की बाईंच्या डोळ्यांत पाणी येई.

एवढे सांगून आमच्या स्नेह्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि निकाल देऊन टाकला. “हे सगळे धर्मांतराचे धंदे. सेवेचे नाव आणि आत भलतेच. सेवा पाहायची तर आपल्या पोरांची पाहा. ना कुणाचा धर्म बदलायचा, ना कुणाचे नाव बदलायचे. निष्काम!”

मंडळींनी माना डोलावल्या. माझी मात्र मान डोलेना. त्या दिवशी वाद अर्धाच राहिला. उरलेला अर्धा मी आज वाचकांपुढे मांडतो. सणासुदीला हा कसला विषय, असे कुणी म्हणेल. पण दिवाळीला घरोघरी बाहेरगावची मुले परत येतात आणि आपण कुठे गेलो, काय पाहिले, माणसे कशी होती हे घरच्यांना सांगतात. माझा विषय नेमका तोच आहे.

प्रथम त्या मॉर्मन मुलांना त्यांचे श्रेय देऊन टाकू. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने स्थापलेला हा पंथ. त्यातला मुलगा अठरा पूर्ण झाला की दोन वर्षांसाठी प्रचाराला निघू शकतो. मुलींची मुदत दीड वर्षाची. कुठे जायचे हे तो ठरवीत नाही, वरिष्ठ ठरवितात. पगार नाही. खर्च त्याने साठविलेल्या पैशातून आणि घरच्यांच्या खिशातून. पांढरा सदरा, गळ्याला टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि नेहमी दोघांची जोडी. आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्याला, बाजारहाटाला आणि घरी पत्र लिहिण्याला. २०१९ सालापर्यंत तर घरी बोलण्याची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी जे सांगायचे ते लिहून. त्या वर्षापासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो.

अठराव्या वर्षी घर सोडून, परकी भाषा तोंडात घोळवीत, दिवसभर नकार ऐकत हिंडणे ही खायची गोष्ट नव्हे. त्यांचा धर्म मला नको आहे आणि तो माझ्या गावात कुणी घ्यावा असेही मला वाटत नाही. पण आमच्यातल्या किती घरांनी आपला अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी, पदरमोड करून, कुठल्याही कामासाठी परमुलखात पाठविला आहे? नोकरीसाठी पाठविला तो धरू नका. हिशेब केला तर आमच्या ओसरीवरचे सगळेच पाहुणे गप्प बसतील.

तेव्हा भांडण त्यांच्या कष्टांशी नाही. माझे भांडण त्या एका वाक्याशी आहे : “गरीब, पण आनंदी.”

ही पत्रे आपल्या मुलखातूनही गेलेली आहेत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईला उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्याला आला. त्याच १८५२ साली उटाहमधल्या पुढाऱ्यांनी बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला होता. (ती चाल त्यांनी १८९० साली सोडली.) ती बातमी इकडे येताच आधीच नाराज असलेले गोरे पाद्री आणि छावणीतले अधिकारी त्याच्यावर उलटले. छावणीची दारे मिटली तेव्हा त्याने गावातल्या लोकांकडे मोर्चा वळविला आणि मराठीचा अभ्यास सुरू केला. पुण्यात त्याच्याभोवती जेमतेम डझनभर माणसांची मंडळी जमली. १८५५ साली तो हिंदुस्थान सोडून गेला. तो आणि कलकत्त्याचे त्याचे सहकारी जी पत्रे लिहीत, ती लिव्हरपूलहून निघणाऱ्या ‘मिलेनियल स्टार’ या त्यांच्या नियतकालिकात छापून येत. म्हणजे घरचे पत्र हे तेव्हाही केवळ घरचे नव्हते.

त्या काळच्या या प्रचारकांच्या लिखाणात एक रडगाणे पुन्हा पुन्हा येते. एतद्देशीय लोक धर्म घेण्याआधी पोटाचे काय ते विचारतात. पगार नाही म्हटले की पाठ फिरवितात. वाचणाऱ्याला वाटावे, काय हे लोभी लोक!

आता तीच गोष्ट अलीकडून पाहा. धर्म बदलला की त्या माणसाचे काय होत असे? पाणवठा तुटे, न्हावी-परीट तुटे, सोयरीक तुटे, बलुतेदाराचे बलुते जाई. १८५० सालच्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला हे खरे. पण कायद्याने वडिलोपार्जित घरातला हिस्सा मिळतो, शेजारणीच्या विहिरीचे पाणी मिळत नाही. मुंबईत १८४३ साली श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाची गोष्ट गाजली. थोरला भाऊ ख्रिस्ती झालेला, हा नुसता मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान उभा राहिला, तर त्यांच्यावरच केवढे काहूर उठले! जिथे दोन घास परक्या घरी खाल्ल्याने मुलगा जन्माचा पारखा होत होता, तिथे “मग मी उद्या खाऊ काय?” हा प्रश्न लोभाचा नव्हता, साध्या व्यवहाराचा होता. परदेशी तरुणाला तो लोभाचा वाटला. त्याने तसा लिहिला, आणि लिव्हरपुलात वाचणाऱ्याला तो तसाच कळला. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला त्या अंकात एक ओळ मिळाली नाही.

“हेच तर मी म्हणतो!” असे आमचे स्नेही आता टाळी वाजवून म्हणतील. थांबा. टाळीचा दुसरा हात आपलाच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावी शहरातल्या एका महाविद्यालयाचे श्रमसंस्कार शिबिर आले होते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या शिबिरांनी महाराष्ट्रातली कितीतरी खेडी पाहिली आहेत. आमच्याकडे आली ती मुले गुणी होती. थंडीचे दिवस, शाळेच्या खोल्यांत मुक्काम. सात दिवस त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला, हातांना फोड आले तरी हसत होती. उसातून बिबट्या येतो म्हणून आमची माणसे रात्री काठ्या-बॅटऱ्या घेऊन शाळेभोवती पाळीने बसत. आमच्या आळीतल्या एका आजींनी घरातल्या तीन वाकळा मुलींना आणून दिल्या, आणि निरोपाच्या दिवशी चुलीपुढे बसून शंभराच्या वर भाकरी थापल्या.

पुढे त्या शिबिराचा वृत्तांत महाविद्यालयाच्या वार्षिकात छापून आला. एका मुलाने तो आठवणीने माझ्याकडे पाठविला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. आजींना कळले तसे त्या शाळेच्या पायरीशी येऊन बसल्या. म्हणाल्या, “गुरुजी, पोरांनी काय लिवलंय आपल्या गावाचं? वाचा की.”

मी वाचू लागलो. बंधारा आला, शेकोटी आली, गाणी आली. मग एक परिच्छेद आला. त्यात लिहिले होते की, ग्रामस्थ अज्ञानी आहेत. त्यांना आम्ही स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले. एका वृद्ध स्त्रीला तर जेवण करण्यापूर्वी हात धुवावेत हेही ठाऊक नव्हते. आणि शेवटी, अगदी त्या साल्ट लेकच्या पोराच्या शब्दांत : हे लोक गरीब आहेत, पण किती आनंदी!

वाचकहो, मी तो परिच्छेद गाळला. नुसता गाळला असता तर एक वेळ चालले असते. मी त्या जागी स्वतःच्या पदरचे चार गोड शब्द घातले : “आजींच्या भाकरीची चव आम्ही जन्मभर विसरणार नाही.” आजी पदराने डोळे पुसत उठल्या. जाताना मला म्हणाल्या, “बरं लिवत्यात की पोरं.”

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात कुसळासारखा रुतून बसला आहे.

मॉर्मन मुलाने माणसाचा देव बदलायला निघावे आणि आमच्या मुलाने माणसाच्या सवयी बदलायला निघावे, यात फरक आहे. मी तो नाकारीत नाही. पण दोघांच्या पत्रातला आपला माणूस सारखाच आहे. तो अडाणी आहे, तो हसतमुख आहे आणि तो मुका आहे. “गरीब पण आनंदी” हे वाक्य प्रेमाने लिहिलेले असते, हेच त्यातले विष. जो आनंदी आहे त्याच्या गरिबीची विचारपूस करण्याची मग गरजच उरत नाही. बाजारभाव पडला म्हणून शेतातला कांदा शेतातच ठेवणाऱ्या माणसाने पाहुण्यापुढे हसून चहा ठेवला, तर तो आनंदाचा पुरावा नव्हे. तो रीतीचा पुरावा आहे. आमच्याकडे पाहुण्यापुढे रडत नाहीत.

माझ्या लहानपणी आमच्या बाजूची पुष्कळ माणसे मुंबईला भाजीबाजारात आणि माथाडीत होती. त्यांची पोस्टकार्डे येत. गावातल्या आया-बायकांना वाचता येत नसे, म्हणून शाळकरी पोरांना बोलावून त्या पत्र वाचून घेत. मीही अशी कितीतरी वाचली आहेत. वाचताना शेजारीपाजारी भोवती जमत, सासू कान देऊन बसे. लिहिणाऱ्याला हे पक्के ठाऊक असे. त्यामुळे तो जे लिही ते चारचौघांत वाचले जाणार या हिशेबाने लिही. भावाशी वाटणीचे भांडण असले तर तेही लिही. पण भाऊ समोर बसून ऐकणार आहे हे ध्यानात ठेवून लिही. त्या अडाणी म्हणविणाऱ्या माणसांजवळ पत्रलेखनाची जी नीती होती, ती आमच्या वार्षिकात नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. सेवेला गेलेल्याने घरी लिहावे ते असे की, ज्या गावाविषयी लिहिले त्या गावच्या चावडीवर ते मोठ्याने वाचता यावे. चावडी म्हटल्याबरोबर कुणी आठवण देईल की, या चावडीवर बायका बसत नव्हत्या आणि महार-मांगांना तर खालीच उभे राहावे लागे. बरोबर आहे. म्हणून मी पाटलाची चावडी म्हणत नाही. ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस मांडी घालून पुढे बसलेला हवा, आणि त्याला मध्येच “हे खोटं” म्हणता आले पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की घरचे पत्र खाजगी असते. मन तिथे मोकळे करायचे नाही तर कुठे? करावे. जेवण रुचत नाही, झोप येत नाही, आईची आठवण येते, हे खुशाल लिहावे. हसायचे तर स्वतःला हसावे. नव्या भाषेत आपण केलेल्या चुका, आपल्याला न जमलेले काम, हे पत्रातले सर्वांत गोड आणि सर्वांत खरे भाग असतात. पण माणसांचा निवाडा खाजगी राहत नाही. आई तो शेजाऱ्यांना ऐकविते, महाविद्यालय तो छापते, पुढल्या वर्षी येणारी तुकडी तो वाचून येते. ती यायच्या आधीच आम्ही अडाणी ठरलेले असतो.

दुसरा आक्षेप जड आहे. मग गावाचे दोष लिहायचेच नाहीत काय? व्यसने, बालविवाह, जातिभेद यांवर पांघरूण घालायचे? मुळीच नाही. कसे लिहावे याचे दोन दाखले आपल्याजवळ आहेत.

पहिला पुण्याचा. फिंडले पुण्या-मुंबईकडे होता त्याच काळात, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचे पत्र, हेही ध्यानात ठेवा. त्या मुलीने कुणाचीही भीड ठेवली नाही. पण तिने ते मराठीत, याच मुलखात, ज्यांनी छळले त्यांना वाचता येईल असे लिहिले. त्याहून कडवट पत्र कुणी विलायतेला धाडले असेल. त्याहून धीट कुणी धाडले नसेल.

दुसरा दाखला आमच्याच जुन्नर तालुक्यातला. १८७६ पासून दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. ते छापलेले आहे. ज्याने वाचले नसेल त्याने या दिवाळीत अवश्य वाचावे. वय ४६, पेशा मास्तरणीचा, घरापासून दूर सेवेच्या कामात असलेली बाई आपल्या घरी पत्र लिहीत आहे. म्हणजे आपल्या विषयाचा नमुनाच. त्यात काय आहे? माणसे आणि जनावरे अन्नावाचून, चाऱ्यावाचून मरताहेत. सावकार अडलेल्यांना पिळताहेत. मदतीला धावलेल्या पन्नासेक सत्यशोधकांना धरले आहे. बाई कलेक्टरला जाऊन भेटल्या, त्याच्याशी बोलल्या. त्याने माणसे सोडविली आणि चार गाड्या ज्वारी धाडली. त्या गोऱ्या साहेबाचे श्रेयही त्यांनी त्याला दिले आहे.

या पत्रात भुकेला माणूस अडाणी नाही आणि आनंदी तर नाहीच. तो का उपाशी आहे, कुणामुळे आहे आणि त्यावर काय केले, याचा हिशेब आहे. ते पत्र त्या दिवशी ओतूरच्या चावडीवर वाचले असते तर एकटा सावकार उठून गेला असता. बाकीचा गाव शेवटपर्यंत बसला असता.

आता माझ्याकडे वळतो, कारण ही कसोटी दुसऱ्याला लावून मोकळे होता येत नाही. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला खेड्यातला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून शहरातली मंडळी मला लेखक म्हणतात. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक म्हातारी आहे. ती तोंडाळ आहे, तंबाखूची मिसरी लावते, सुनेला छळते आणि वाचकांना फार हसविते. शहरातल्या एका सभेत तिचे कौतुक झाले. ती कुणावरून उचलली हे माझ्या आळीत कुणालाही सांगावे लागणार नाही. पुस्तक निघाले तेव्हा त्याच आजींनी मला विचारले होते, “गुरुजी, तुमच्या बुकात काय हाय?” मी म्हणालो, “काही नाही आजी, अशाच इकडच्या तिकडच्या गोष्टी.” त्या शहरातल्या पोराने निदान छापलेले वार्षिक गावी पाठवून दिले. मी माझे पुस्तक आळीत कुणाला दाखविलेही नाही. मग अज्ञानी कोण आणि निष्काम कोण?

एवंच, नुसती बोंब मारून थांबायचे नसेल तर एक सूचना करतो. जी महाविद्यालये, ज्या संस्था, जे धर्मपंथ आमच्याकडे सेवेला मुले पाठवितात, त्यांनी मुलांचा वृत्तांत छापण्याआधी आमच्याकडे धाडावा. २६ जानेवारीला ग्रामसभा भरतेच. तिथे तो मोठ्याने वाचावा. गावाने चुका दाखवाव्यात. जे खरे पण कडू असेल ते गावाने ऐकून घ्यावे, आणि जे खोटे असेल ते मुलांनी खोडावे. गावाचे म्हणणे म्हणून शेवटी अर्धे पान ठेवावे. याला एक पैचा खर्च नाही. याने सेवा कमी होणार नाही. फक्त तिच्या बढाया कमी होतील. आणि घरोघरच्या आईबापांना एवढेच सांगणे : या चार दिवसांत मुलगा परगावच्या गोष्टी सांगू लागला, “तिथले लोक ना…” असे म्हणू लागला, की हळूच विचारा, “हे त्यांच्यासमोर म्हणशील का रे?”

माझ्यापुरते मी ठरविले आहे. ते वार्षिक अजून शाळेच्या कपाटात आहे. या भाऊबीजेला ते आणि माझी ती कादंबरी घेऊन मी आजींच्या ओट्यावर जाणार आहे. गाळलेला परिच्छेद आधी वाचीन, मग माझे पुस्तक. त्या मला काय म्हणतील हे मला पुरते ठाऊक आहे; त्यांच्या तोंडाची कीर्ती मीच तर छापली. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेईन. एक प्रत त्या महाविद्यालयाला पाठवीन आणि एक माझ्या प्रकाशकाला.